किल्टच्या निऱ्या

"अहो बाबा, निऱ्या मागे हव्यात! लोक हसतायत तुम्हाला," भर मैदानात मुलगा माझ्यावर खेकसला. स्कॉटलंडमधल्या त्याच्या सासरच्या गावी जत्रा होती आणि व्याह्यांचा मान ठेवायचा म्हणून मी चौकड्यांचा किल्ट नेसलो होतो. आता निऱ्या म्हटल्यावर माणूस त्या पुढेच घेणार ना!

माझं डोकंच फिरलं. सांगलीला स्वतःच्या लग्नात याला धोतर नेस म्हटलं, तर "असला गावंढळ अवतार मी करणार नाही," म्हणून सूट चढवून बसला. आणि आज किल्ट नेसून मला अक्कल शिकवतोय!

तेवढ्यात व्याही आले. जराही न हसता त्यांनी माझ्या किल्टचे कमरेचे पट्टे सोडले, निऱ्या फिरवून मागे नेल्या आणि पट्टे पुन्हा आवळले. मग आपल्या जावयाला म्हणाले, "तुझ्या लग्नात माझं धोतर मांडवात सुटलं, तेव्हा यांनीही असंच नेसवलं होतं. न हसता."

मुलगा ओशाळला. "चला, तिघांचा फोटो काढू," म्हणत तो आमच्यामध्ये घुसला.

मी त्याच्या हातात मोबाइल कोंबला. "तू काढ. दोन गावंढळांत तू कशाला?"