आंडर मुलगी

धुकं इतकं दाट होतं, की समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्या हवेत तरंगल्यासारख्या दिसत होत्या. हिल्का गाडी अगदी हळू चालवत होती. शेजारी पोप्के मास्तर डोळे मिटून बसले होते. ओठ मात्र हलत होते. वृद्धाश्रम जवळ आला होता.

तसे मास्तर तिचे कोणीच नव्हते. नवऱ्याच्या, सीत्सेच्या, पहिल्या बायकोचे ते वडील. रिन्स्के वारली आणि म्हातारा जावयाच्याच घरी राहिला. पुढे हिल्का लग्न होऊन आली ती त्या घरात. सीत्से महिनोन्महिने बोटीवर. मास्तरांना आंघोळ घालायची, वाटाण्याचं सूप भरवायचं, सगळं हिल्काच करायची. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. सलत होता तो एक शब्द.

पाववाला येवो, डॉक्टर येवोत, मास्तर हसून सांगायचे, "ही माझी आंडर मुलगी."

त्यांच्या भाषेत आंडर म्हणजे निराळी. ती नव्हे, ही. दर वेळी हिल्काला वाटायचं, आपण कुणाच्या तरी खुर्चीत बसलोय आणि ती कधीही दार उघडून आत येईल. शेवटी तिने सीत्सेला फोनवर सांगून टाकलं, आता माझ्याने होणार नाही.

आश्रमाच्या दारात परिचारिका हसतमुखाने पुढे आली. "या मास्तर. आणि या कोण?"

"माझी आंडर मुलगी."

हिल्काने बॅग खाली ठेवली. "मास्तर, आज तरी नका ना म्हणू तसं! एवढं केलं तुमचं, तरी मी निराळीच?"

मास्तर झोपेतून उठवल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. "निराळी? कोण म्हणालं?"

"तुम्हीच की! रोज म्हणता."

"अगं वेडे..." जन्मभर शाळेत भाषा शिकवलेला तो माणूस, आता जुन्या शब्दांतच राहायचा. "आपल्या पूर्वजांकडे 'दुसरा' म्हणायला वेगळा शब्दच नव्हता. पहिला, आंडर, तिसरा, असं मोजायचे. दुसऱ्यासाठी 'ट्वेडे' मागाहून आलं. तू आजही पाववाल्याकडे दीड पाव मागतेस तेव्हा काय म्हणतेस? आंडरहाल्फ. पहिला अख्खा, दुसरा अर्धा." त्यांना दम लागला. चाचपडत त्यांनी तिचा हात धरला. "लोक विचारतात, मास्तर, ही कोण? मी आपला मोजतो. पहिली रिन्स्के. आंडर तू."

उघड्या दारातून धुकं आत येत होतं. परिचारिकेने हलकेच विचारलं, "बाई, खोली दाखवू का?"

हिल्काने बॅग उचलली.

"नको. बाबांना मी घरी नेते."