झपाट्याची खोड

"पळवू नगंस. चालव," म्हाळूमामा म्हणाला.

अबरारचा अंगठा फोनवर अडला. दोन वर्षं खपून त्यानं हा खेळ बनवला होता. शंभरेक जणांनी खेळून वाहवा केली होती. पण खेळातल्या महावीराला, म्हणजे झपाट्याला, सावकाश चालवून दाखव असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. झपाटा उडायचा, कारखान्याच्या चिमणीवरून चिमणीवर झेप घ्यायचा, एका गुद्द्यात भिंत पाडायचा. चालायला त्याला सवड कुठं होती?

"मामा, ह्यो काय बैल हाय का?"

"लंगडं जनावर पळताना झाकतंय. चालताना सापडतंय. चालव."

सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात म्हाळूमामानं खोड सांगितल्याशिवाय जनावराचं दावं एका हातातून दुसऱ्या हातात जात नसे. म्हणून तर हैदर मिस्त्रीचा हा शिकलेला पोरगा पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर त्याच्याशेजारी येऊन टेकला होता. पुण्याच्या कंपनीला बाराच्या आत फॉर्म धाडायचा होता. खेळ पसंत पडला तर नोकरी पक्की. फॉर्मात दोन रकाने होते. जमेच्या बाजू आणि उणिवा. पहिला रकाना अबरारनं असा भरला होता की जागा पुरली नाही. दुसऱ्यात काय लिहावं हे त्याला सुचेना, आणि रिकामा ठेवला की फॉर्म लाल होऊन अडून बसे.

"कायतरी टाकलं असशील की," मामा म्हणाला.

अबरारनं वाचून दाखवलं, "खेळ इतका रंगतो की वेळेचं भान राहत नाही."

म्हाळूमामा खदखदून हसला. "म्हंजे 'खोड येकच, वैरण लई खातो'! आरं, ही खोड तर ह्या बाजारातला परत्येक दलाल सांगतो."

"माझ्या शेळीची तर तीबी न्हाई," समोरून मंगल म्हणाली. ती शेळीची दोरी धरून सकाळपासून आपल्या नंबराची वाट पाहत होती. "येकबी खोड न्हाई, मामा. गऊ हाय गऊ. आधी हिचं बघा, मग त्या उडत्या गड्याचं."

"थांब गं."

झपाटा चालला. तिसऱ्या पावलाला त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला आणि सहज वर आला. अबरारनं घाईनं त्याला उडवलं.

"बघितला मी पाय," मामा म्हणाला. "पर ती बारीक खोड हाय. फुडं दाखव."

पुढं अबरारचा हात बसलेला होता. पेटलेला साखर कारखाना, गच्चीवर बारा माणसं, धुरात राक्षस. झपाटा एकेकाला खांद्यावर घालून खाली आणी आणि दर माणसामागं त्याची ताकद वाढे. अकराव्या माणसाला ताकद पुरी भरली. झपाट्यानं उपरणं झटकलं, राक्षसाला चिमणीवर आपटलं. पडद्यावर फुलं पडली. 'विजय!'

"मार झ्याक हाय," म्हाळूमामा म्हणाला. "उडीबी झ्याक. धूर तर असा की डोळ्याला पानी यावं. आता मला सांग, वर कोन ऱ्हायलं?"

"कुठं?"

"गच्चीवर. निळं लुगडं."

अबरारनं पाहिलं. फुलांच्या आडून, धुरात, निळ्या लुगड्यातली म्हातारी हात हलवत होती. हात हलवायला त्यानंच तिला शिकवलं होतं. नंतर तिच्याकडं पाहायला त्याला वेळ झाला नव्हता.

"अकरावर ताकद भरती, मामा. बारावीची गरज पडत न्हाई."

"तिला पडती की," म्हाळूमामा म्हणाला आणि फोनसाठी हात पुढं केला. "आन हिकडं."

दावी ओढून निबर झालेल्या अंगठ्याला फोन आधी दाद देईना. मग धोतराला पुसून, दाबून, मामानं झपाट्याला हाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मोजणं मोठ्यानं चाललं होतं, संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना चालतं तसं. मंगलही शेळीसकट डोकावू लागली. अकरा झाले, ताकद भरली, राक्षस समोर आला.

"हाना आता, मामा! गुद्दा! लाल बटन!" अबरार उसळला.

मामानं राक्षसाकडं पाठ केली आणि झपाट्याला गच्चीवर चढवलं.

"मागून मारतोय तो!"

"मारू दी."

राक्षसानं पाठीत तडाखे घातले. झपाट्याचं उपरणं फाटलं, ताकद तळाला गेली. तसाच लटपटत तो खाली उतरला, म्हातारीला जमिनीवर ठेवलं आणि आडवा झाला. पडदा काळा पडला. 'तुम्ही हरलात.'

"बारा!" म्हाळूमामा ओरडला आणि मांडीवर थाप मारून त्यानं फोन परत केला.

अबरारनं फोनवरचं घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते.

"ही खोड लिवली तर खेळ घेतील का ते, मामा?"

"ते मला काय ठावं? खोड सांगून इकलेलं जनावर परत येत न्हाई, यवढं ठावं हाय."

अबरारनं वेळेच्या भानाचं वाक्य पुसलं. लिहिलं, 'डावा पाय जमिनीत जातो.' मग लिहिलं, 'सगळी माणसं वाचवली तरी खेळ हरलात म्हणतो.' बटण दाबलं. फॉर्म हिरवा झाला आणि गेला.

"हं," म्हाळूमामा मंगलकडं वळला. "आन शेळी. काय म्हनलीस, खोड न्हाई?"

मंगलनं दोरीला एक वेढा दिला, एक सोडला.

"धारेला कवातरी लाथ मारती."

मामा धारेला बसावं तसा शेळीमागं उकिडवा बसला.

"रोज," मंगल म्हणाली.