मुंगी चावल्यासारखं

पहिल्या दिवशी सिस्टर रक्त घ्यायला आल्या, तेव्हा मी लेकीला म्हणालो, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल." तिने हसत हात पुढे केला आणि सुई टोचताच किंचाळली. सलाइन लावताना मी पुन्हा मुंगीच सांगितली. मांडीतल्या इंजेक्शनला फार तर लाल मुंगी.

सिस्टरनी पालकांसाठीचं एक पत्रक माझ्या हातात ठेवलं होतं. पहिलीच ओळ होती : 'दुखणार असेल, तर मुलांना तसं आधी सांगा.' म्हटलं, पाच वर्षांच्या पोरीला काय डोंबल सांगायचं! त्याच पत्रकाने मी तिला वारा घालत बसलो.

आज तिचं ऑपरेशन. आईबापांना थिएटरच्या दारापर्यंतच येऊ देतात. स्ट्रेचर दाराशी थांबलं, तरी तिने माझं बोट घट्ट धरलेलं. मी वाकून म्हणालो, "घाबरू नकोस. तू जागी होशील ना, तेव्हा बाबा समोरच असेल."

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"बाबा, हे खरं आहे, की मुंगी?"