उरलेल्या सामन्यांसाठी एक माणूस

डेझमंडने मोजा खाली ओढला आणि पाय ऑर्विलसमोरच्या बाकावर ठेवला. घोटा फुगून वांग्यासारखा जांभळा झाला होता.

"बघ म्हाताऱ्या. बसू की खेळू?"

ऑर्विलने घोटा हलकेच दाबला. डेझमंडने दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, आज खेळलास तर पुढचा हंगाम विसर."

ऑर्विल हॅगन हा बास्केटबॉलच्या वरच्या लीगमधल्या एका संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस. त्याचं अर्धं आयुष्य असल्या छोट्या लीगच्या गारठलेल्या हॉलांमध्ये, कागदी पेल्यातली पाणचट कॉफी पीत गेलं होतं. खेळाडूत दम आहे की नाही हे तो दोन फेऱ्यांत ओळखायचा, आणि वरच्या लोकांना त्याच्या शब्दाचा भरवसा होता. डेझमंड पेटवेबद्दल तो दरवर्षी चांगलंच लिहायचा. वरून दरवर्षी कुणीतरी दुसराच उचलला जायचा.

आता डेझमंड एकतिशीला टेकला होता. वरच्या लीगमध्ये त्याला एक मिनिटही मिळालं नव्हतं. मार्चअखेर बोलावणं आलं नाही तर खेळ सोडून घरी यायचं, असं त्याने बायकोला, रेनिटाला, कबूल केलं होतं. अलाबामात मेव्हण्याने गोदामात नोकरी बघून ठेवली होती. यंदा मात्र आज सकाळीच ऑर्विलला ब्रायस कॅरोवेचा फोन आला होता. ब्रायस म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर. पोरसवदा, गोडबोल्या, ऑर्विलला कायम अहो-जाहो करणारा.

"आपले तीन जण जायबंदी आहेत," ब्रायस म्हणाला होता. "उरलेल्या सामन्यांसाठी एक माणूस लागेल. तिथला एकेक जण नीट बघा आणि सामना संपल्याबरोबर फोन करा. आजच ठरवून टाकू."

ऑर्विलने हे डेझमंडला सांगायला नको होतं. पण त्याच्या पोटात राहिलं नाही.

"तुमचा संघ तर तळाला जाऊन बसलाय," डेझमंड पट्टी गुंडाळत म्हणाला. "तळाला जो, त्याला उन्हाळ्यात नव्या पोरांतून पहिली निवड. तो कॉलेजातला सात फुट्या तुमच्याच पदरात पडणार बघ. मग मी कशाला हवा?"

"तो येईल तेव्हा येईल. अजून एक संघ आपल्याइतकाच रडका आहे, माहितीये ना? त्याच्याही खाली राहिलो तर लोक तोंडाला काळं फासतील. ब्रायस घायकुतीला आलाय."

"मग खेळू?"

ऑर्विलने त्या घोट्याकडे पाहिलं. बस म्हणावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"आज बसलास," तो म्हणाला, "तर मी फोनवर काय सांगू?"

डेझमंडने पट्टी आणखी करकचून आवळली.

बाहेर बर्फ पडत होता. आयोवातलं ते गाव आधीच लहान, त्यात अशी हवा. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नाचोजवर वितळलेल्या चीजचा वास हॉलभर पसरला होता. डेझमंड लंगडतच उतरला आणि मागे बसलेला एक जण ओरडला, "अरे आजोबा, काठी विसरलात!"

पहिल्या दहा मिनिटांत त्या माणसाचं तोंड बंद झालं. डेझमंडने लांबून टाकलेला चेंडू जाळीत जाताना आवाजसुद्धा करत नव्हता. समोरचे दोघे अंगावर आले की तो मोकळ्या गड्याला चेंडू द्यायचा, आणि तो गडी लहान पोरासारखा उड्या मारायचा. हरत आलेला सामना त्याने एकट्याने ओढून काढला. शेवटचा चेंडू जाळीत टाकून तो खाली आला तो त्याच पायावर. कडकन आवाज झाला. ऑर्विलला तो चौथ्या रांगेत ऐकू आला.

तरीही डेझमंड हसत होता. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो आत गेला, आणि ऑर्विल आला तेव्हा पाय बर्फाच्या बादलीत घालून बसला होता.

"दहा दिवसांत उभा राहतो," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "आधी बोलावू दे. मग उभा राहतोच."

बोलावण्याची बातमी खेळाडूने स्वतःच्या कानांनी ऐकावी असं ऑर्विलला नेहमी वाटायचं. ते सुख त्याने फार थोड्यांच्या तोंडावर पाहिलं होतं. त्याने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि बोट ओठांवर ठेवलं. डेझमंडने टॉवेल दातांत धरला.

"बोला ऑर्विल," ब्रायस म्हणाला.

"माणूस मिळाला. पेटवे. सोन्यासारखा आहे."

"सामना मला बघता आला नाही. तुम्ही सांगाल ते खरं. उरलेल्यांपैकी आपल्याला किती जिंकून देईल?"

"दोन-तीन."

"इतके? एखादा म्हणायचंय का तुम्हाला?"

अविश्वास दाखवतोय, ऑर्विलला वाटलं. इथे कच खाल्ली तर डेझमंड यंदाही राहील. "तीन-चार म्हण," तो आवाज चढवून म्हणाला. "तो सोबतच्यांनाही खेळायला लावतो. हरायची सवय मोडेल आपली. माझी नोकरी पणाला लावतो, ब्रायस!"

डेझमंडचे डोळे भरून आले होते. त्याने ऑर्विलचा हात घट्ट धरला.

"तुमचा शब्द मला पुरे," ब्रायस म्हणाला. "मग पेटवे नकोच. चार जिंकलो तर आपण तळातून वर सरकू आणि तो सात फुट्या दुसरे घेऊन जातील. तिथल्या पोरांतला सगळ्यात टाकाऊ कोण, तेवढं सांगा. तिकीट त्याचं काढतो."