डाव्या बटणातली पाचर

डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. ताई बघतच राहिली.

हे प्रेस मशीन तिनेच घडवलं होतं. दोन बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे हात पत्र्यापाशी राहायचा प्रश्नच नाही. याच कारखान्यात जुन्या प्रेसखाली बाबांची दोन बोटं गेली, तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून तिने हाच ध्यास घेतला. लोक म्हणाले, पोरीने बापाचे पांग फेडले. माणूस रडतखडत का होईना पुढे जातोच, असं तीही चारचौघांत छातीठोकपणे सांगायची. बाबा आपले घरी बसून लाकूड तासायचे. तेवढाच विरंगुळा, असं तिला वाटायचं.

आणि इथे तिचा धाकटा भाऊ डाव्या हाताने पत्रा सारत होता, उजव्याने उरलेलं बटण दाबत होता; डावं पाचरीने दाबलेलंच होतं. ठोकळा बोटांना चाटून गेल्यासारखा पडत होता.

तिने मशीन बंद केलं आणि पाचर उपटली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मशीन सुरक्षित झालं ना ताई, म्हणून साहेबांनी माल दुप्पट मागितला," धाकटा म्हणाला. "दोन्ही हात बटणांवर ठेवले तर पत्रा कोण सारणार? काल शेजारच्याने पाचर लावणार नाही म्हणून सांगितलं. आज तो आलाय का बघ."

शेजारचं मशीन नवाच माणूस चालवत होता. त्या मशीनलाही पाचर होती. पूर्ण रांगेत होती. नीट तासलेली, हाताला टोचू नये म्हणून कडा घासलेली.

"मी बोलते साहेबांशी."

"बोल. तुला चहा पाजतील आणि मला घरी बसवतील. बाळाचं दूध तू आणशील?"

ताईला रडूही येईना. बाबांच्या वेळी मशीन वाईट होतं, निदान तेवढं तरी म्हणता यायचं. आता मशीन चांगलं होतं.

रांगेच्या टोकाला सुपरवायझर थांबला आणि बंद मशीनकडे बघू लागला. धाकट्याचा चेहरा उतरला. ताईने पाचर पुन्हा बटणात बसवली आणि तळहाताने ठोकली.

"हळू," धाकटा म्हणाला. "मोडली तर बाबांना दुसरी करावी लागेल. तीन बोटांत चाकू धरवत नाही गं त्यांना."