खालून आवाज येईपर्यंत

"ओके," नवरा म्हणाला आणि बायकोने त्याच्या मानेखालची जास्तीची उशी काढली.

"ओके." तिने पंखा एकने कमी केला.

"ओके." हा जरा तिरका होता. ती हसली. "हा तुमच्यासाठी, मॅडम. टीव्हीच्या आड येताय तुम्ही."

बोलणं शिकवायला आलेल्या मॅडमनी खुर्ची हलवली नाही. "तुम्हाला कसं कळतं हे सगळं?"

"कान तयार झालेत. लिफ्टचे मेकॅनिक ना हे, जन्म गेला खालून वर 'ओके' ओरडण्यात. अर्धांगाचा झटका आला, बाकीचे शब्द गेले, हा तेवढा राहिला. तसे आधी फार बोलायचे अशातला भाग नाही. माझ्या स्वयंपाकालाही ओकेच." ती पलंगाकडे वळली. "पाणी हवं असलं की 'ओ' लांबवतात. रागावले की 'के' आपटतात. माझी दया आली की नुसतं नाकातून."

पलंगावरून नाकातला आवाज आला.

"दुसरा एखादा शब्द?"

"नाही अजून."

"येईल कसा? तुम्ही गरजच ठेवली नाहीत. आता कळायचं बंद करा. 'पा' ऐकू आल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. हे सुरुवातीचे महिने गेले की मग फार अवघड होतं."

मॅडम गेल्या. तिने त्यांचा कप विसळून पालथा घातला. मग उचलून पुन्हा विसळला.

"ओऽके."

सवयीने ती भरलेला ग्लास घेऊन पलंगापर्यंत आली आणि थांबली.

"काय हवंय?"

त्याने ग्लासकडे पाहिलं, मग तिच्याकडे. थट्टा चालली असावी असा चेहरा केला. "ओऽके."

"कळलं नाही."

'के' आपटला.

"अहो, कळलं नाही मला." खिडकीपलीकडच्या कारकुनासारखा आवाज लागला तिचा. तिला त्याचं काही वाटलंही नाही.

मग बरेच ओके आले. तहानेचा, रागाचा, एक नवीनच, अगदी हळू. तिला सगळे कळले. शेवटी नाकातला आला, तेव्हा हात आपोआप पुढे झाला. तो तिने मागे घेतला.

लग्न नवं होतं तेव्हा त्याने एकदा समजावलं होतं. वर लिफ्टच्या स्विचपाशी उभं असलेल्याने खालून आवाज येईपर्यंत बोट लावायचं नाही. कितीही वेळ लागू दे. खाली आपलं माणूस असतं.

त्याने ओठ मिटले. मिटलेलेच ठेवले; रागाने की 'पा'साठी, हे या वेळी तिला खरंच कळलं नाही. एक कोपरा थरथरला.

ती तशीच उभी राहिली. ग्लास जड होत चालला, म्हणून तिने दुसरा हातही लावला.