काहून

प्रणाली मॅडमच्या खोलीतून श्याम हसत बाहेर आला आणि गजेंद्रला पाहताच त्याचं हसू आटलं. "चहा झाला का, गजूभाऊ?" एवढं विचारून, उत्तराची वाटही न पाहता तो पुढे गेला.

"काहून?" गजेंद्र त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाला.

शेंदूरजनाघाटच्या त्या संत्र्यांच्या शेडमध्ये गजेंद्र पेट्या ट्रकमध्ये चढवायचा. बाकीच्यांच्या मनात शंकेची पाल कधीतरी चुकचुकते, याच्या मनात ती भाडं न देता कायमची राहत होती. कुणी राम राम घातला तरी हा विचारायचा, काहून? का म्हणून? याच एका शब्दापायी त्याची दोन कामं गेली होती. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमाला विचारलं, सिमेंटच्या दुकानात मालकाच्या मेहुण्याला. आता गावात या शेडशिवाय दुसरं दार उरलं नव्हतं. "हेही गेलं तर पोरीची शाळा सुटते," असं बायकोनं, जमुनानं, सकाळीच बजावलं होतं.

त्यात गेल्या आठवड्यात परगावी गेलेल्या मालात सडकी संत्री निघाली. व्यापाऱ्यानं मॅडमच्या मोबाइलवर फोटो पाठवले. मॅडम अमरावतीच्या, शेडवर नव्यानं आलेल्या मॅनेजर. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि गजेंद्रला खरी भीती त्याचीच वाटली. त्यांनी फक्त माणसं हलवायला सुरुवात केली. सुभद्राकाकूंचा हात चपळ, म्हणून त्यांना झाडूवरून पेट्या भरण्यावर आणलं. श्यामचं तोंड मिटत नाही, म्हणून त्याला ट्रकवाल्यांच्या फोनवर बसवलं. म्हाताऱ्या नत्थुजींची बोटं सालीवरून फळ ओळखतात, म्हणून ओझं उचलणं सोडवून त्यांना निवडीवर घेतलं. सगळ्यांना जागा मिळाली. गजेंद्रचं नाव कुठेच नव्हतं.

आणि आज सकाळपासून मॅडम एकेकाला आत बोलावत होत्या. आत गेलेला हसत बाहेर यायचा आणि गजेंद्र जवळ गेला की गप्प व्हायचा. बळीचा बकरा ठरला, हे त्याला कळून चुकलं. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसं. त्याला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं.

"काकू, मॅडमनं काय इचारलं तुमाले?"

सुभद्राकाकूंनी मान वर केली नाही. "म्या सांगतलं त तू इचारशीन, काहून. तुलेच बलावलं आता. जा आत."

खोलीत मॅडम म्हणाल्या, "बसा, गजेंद्रभाऊ."

गजेंद्रनं आधी खुर्चीचा पाय हलवून पाहिला. मग टोकावर टेकला.

"मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला."

"माह्याबद्दल?"

"तुमचं नाव मी घेतलंच नव्हतं. त्यांनी घेतलं. सगळ्यांनी."

"मॅडम, ट्रक म्या भरला, पण पेट्यांमंदी काय हाये ते मले कोणी पाहू देल्लं काय? झाकण लागल्यावरच पेटी माह्याकडं येते. सडकं कोणी टाकलं ते..."

"तेच," मॅडम मध्येच म्हणाल्या. "पेटीला झाकण लागण्याआधी शेवटची नजर कोणाची हवी, एवढंच मी विचारलं होतं. नत्थुजींपासून श्यामपर्यंत प्रत्येकानं तुमचं नाव सांगितलं."

गजेंद्रनं मॅडमकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. फटीतून आत डोकावणारे चार डोळे झटकन बाजूला झाले. यात नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं.

"माहंच नाव?" त्यानं डोळे बारीक केले. "काहून?"

मॅडम हसल्या.

"हेच. उद्यापासून प्रत्येक पेटीला हेच विचारायचं."